उडदाच्या दाण्यातला पत्ता

सुलतानपूरच्या शिवारात उडीद-मूग तोडणीला आले, की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. शेंगा वाळलेल्या असताना पावसाची झड लागली, तर शेंगेतच दाण्याला मोड फुटतात. असा माल ना धड विकला जातो, ना बियाण्याला चालतो. तेच मोड घरी आपण मुगाला, मटकीला मुद्दाम आणतो. शेतातले नुकसान आणि ताटातली उसळ, दोन्हींमागे काम एकच आहे.

दाण्याच्या दोन पाळ्या म्हणजे बीजपत्रे. त्यांच्या पेशींत ‘रिक्तिका’ नावाच्या पिशव्या असतात. शाळेत मुले रिक्तिका म्हणजे पाण्याची पिशवी एवढेच लक्षात ठेवतात. पण बियांत ती भरलेली कणगी असते. प्रथिनांचा साठा तिच्यात बंद असतो. कोंबाला तो अख्खा उपयोगाचा नाही, बारीक तुकडे करून द्यावा लागतो. हे काम विकरे करतात.

अडचण अशी, की विकर तयार होते दुसरीकडे, आंतर्द्रव्यजालिकेवर. वाटेतच ते कामाला लागले, तर पेशीचीच प्रथिने तोडेल. म्हणून त्याला कुलूप घातलेले असते: सोबत एक जादा तुकडा जोडलेला असतो. रिक्तिकेच्या आंबट रसात पोहोचल्यावर तो तुकडा कापला जातो आणि मग विकर जागे होते.

पण पोहोचायचे कसे? घरी आपण ‘पता’ म्हणतो, शाळेत ‘पत्ता’. प्रथिनाचा पत्ता त्याच्याच अंगावर, अमिनो आम्लांच्या क्रमात लिहिलेला असतो. हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल मिळाले. बहुतेक विकरे गॉल्जी संकुलात येतात. तिथे पत्ता वाचणारी प्रथिने त्यांना ओळखतात आणि इवल्या पिशव्यांत भरून रिक्तिकेकडे पाठवतात. प्रयोगात हा पत्ता बिघडवला, तेव्हा माल पेशीच्या बाहेर पडला.

आपल्या उडदाने मात्र जवळची वाट काढली आहे. जपानी संशोधकांनी २००० साली दाखवले, की मोड येताना उडदातले एक प्रथिनभंजक विकर जालिकेतूनच मोठ्या पिशव्यांत भरले जाते आणि गॉल्जीला वळसा घालून थेट रिक्तिकेत जाते.

ही सारी धावपळ सुरू होते ती पाणी मिळाल्यावर. म्हणून शेंगा पिकतील तशा तोडाव्यात, छपराखाली पातळ पसरून वाळवाव्यात. ढीग ओला राहिला, तर साठा आपल्यासाठी नाही, कोंबासाठी खर्ची पडतो.

मुलांनो, अम्मीला विचारून एका वाटीत अख्खे उडीद, दुसरीत उडदाची डाळ भिजवा. पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. डाळीला मोड येणार नाहीत. पाळ्या आहेत, साठाही आहे. पण दाणा फोडताना इवलासा अंकुर तुटून गेला. ज्याच्यासाठी कणगी उघडायची, तोच घरात नाही.