दोन थेंबांनी काय होते?

आमच्या खानदेशात कोणतीही वस्तू अडली की तिच्यात तेल सोडतात. दार कुरकुरले, तेल. कात्री चालेना, तेल. पोराचा कान दुखला, तेल. कानाचे डॉक्टर याविरुद्ध बोलून बोलून थकले. त्यांचा घसा बसला तर त्यातही कोणीतरी तेल सोडील. कळण्याच्या भाकरीवर तेलाची धार धरल्याशिवाय ज्यांचा घास उतरत नाही आणि शेवभाजीवर बोटभर तर्री नसली तर जे आचाऱ्याच्या गावाची चौकशी करतात, त्यांना तेल हे सर्व प्रश्नांचे उत्तर वाटले तर नवल नाही. मीही त्यांतलाच. पण गेल्या हिवाळ्यापासून मी या मताच्या विरुद्ध उभा आहे, आणि आमच्या कॉलनीत एकटाच उभा आहे.

भांडणाचे मूळ आमच्या आप्पांचा रेकॉर्ड प्लेयर. १९७४ साली तो धुळ्याला गल्ली नंबर पाचमधल्या आमच्या घरी आला. आप्पा गेल्यावर आई जळगावला माझ्याकडे आली ती एक ट्रंक, देव्हारा आणि हा प्लेयर घेऊन. सकाळी पूजा आटोपली की ती एक तबकडी लावते. हीही पूजाच, फक्त हिला प्रसाद नसतो.

नोव्हेंबरात तबकडी फिरताना कुरकुर ऐकू येऊ लागली. शेजारचे अण्णा अमळनेरकडचे. ते म्हणाले, "टाकी दे ना भो दोन थेंब, चालू व्हई जाई. दोन थेंबांनी काय होतं?" मी बी.कॉम. परीक्षेसाठी जो घसारा शिकलो तो कागदावरचा; लोखंडावरचा घसारा माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली आणली आणि दोन थेंब सोडले. 'दोन थेंब' हे आमच्याकडे माप नसून विनय आहे. प्रत्यक्षात चमचाभर गेले असावे.

कुरकुर थांबली. अण्णांनी चहा घेतला. तीन आठवडे सारे सुरळीत चालले.

मग थंडी पडली. जळगावच्या मे महिन्याचे पंचेचाळीस अंश साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक, पण आमच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. खोबरेल मात्र चोवीस अंशांनाच गोठू लागते. म्हणून आपण बाटली उन्हात ठेवतो. प्लेयर उन्हात ठेवायचे कोणाला सुचणार? सकाळी तबकडी मिनिटाला तेहतीसऐवजी तीस फेरे मारू लागली. एवढ्याने काळी चारचे गाणे काळी तीनवर येते. लताबाईंचा आवाज भारदस्त झाला. अकरा वाजता खिडकीतून ऊन आले की गाणे परत पट्टीवर. पण तेव्हा मी कॅश काउंटरवर आणि आई स्वयंपाकघरात.

जानेवारीत आईने तबकड्या लावणे बंद केले. मला वाटले, थंडी आहे. एक दिवस म्हणाली, "तो प्लेयर कोणाला तरी देऊन टाक रे. माझेच कान गेले. आप्पांची गाणी मला निराळीच ऐकू येतात." आणि रोज रात्री ती कानात कोमट तेलाचे दोन थेंब सोडत होती. त्याच बाटलीतले.

यंत्र बिघडवले मी, आणि म्हातारीने दोष घेतला स्वतःच्या कानांवर.

त्या रविवारी प्लेयर मांडीवर घेऊन बसने धुळे गाठले. तिथल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने तबकडी उचलली, वास घेतला आणि विचारले, "भजी तळली का यात?"

त्यांनी शिकवले ते असे. खाद्यतेल हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांचा हात धरतात आणि त्याचा डिंक होतो. पटत नसेल तर शेंगदाणा तेलाच्या डब्याचा बाहेरचा तळ बोटाने पाहा. जवसाचे तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. खोबरेल त्या मानाने सावकाश चिकटते, पण ते गोठून सूड घेते. म्हणजे खाद्यतेल ही यंत्रातली मुदत ठेव आहे: आज ठेवा, मुदत संपली की व्याजासकट डिंक मिळेल.

मग घालायचे काय? तबकडीच्या बेअरिंगला शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल, एक थेंब, तोही जुने पुसून काढल्यावर. मोटारीचे बुश सच्छिद्र असतात, ते तेल पोटात साठवतात, त्यांनाही थेंबभरच. घासत सरकणाऱ्या पट्ट्यांना ग्रीसचे नुसते बोट. प्लास्टिकच्या दात्यांना सिलिकोन ग्रीस. चावीच्या फोनोच्या स्प्रिंगला ग्रॅफाइटचे ग्रीस. आणि तबकडी फिरवणाऱ्या रबरी चाकाला काहीही नाही! ते चालते घर्षणावरच. तेल लागलेले रबर म्हणजे हप्ते थकवणारा कर्जदार: जागच्या जागी फिरतो, पुढे काही सरकत नाही. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मात्र त्याच फडक्याने जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पुसू नयेत; त्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलात विरघळते हे कोणताही पॉलिशवाला सांगेल.

अण्णांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, "आमच्या आजोबांची बैलगाडी एरंडेलावर चालायची!" चालायची ना. पण आजोबा दर काही दिवसांनी चाक काढून जुने ओंगण पुसत आणि नवे भरत. तुम्ही एरंडेल लक्षात ठेवले, अण्णा, पुसणे विसरलात.

नव्या पिढीचेही एक खोबरेल आहे: डब्ल्यूडी-४०. डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणे, ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. नाव इतके प्रामाणिक, तरी आमचा भाचा ते जिथे तिथे फवारतो. त्यातले बरेचसे उडून जाते, आणि जाताना जागचे जुने वंगणही धुऊन नेते.

माझे म्हणणे एवढेच आहे. आमच्या घरातल्या जुन्या वस्तू उपेक्षेने मेल्या नाहीत. माळ्यावर पडलेली वस्तू वीस वर्षांनीही दुरुस्त होते. प्रेमाने तेल पाजलेली मात्र खरवडावी लागते. काय घालायचे हे कळत नसेल तर काहीच न घालणे हीसुद्धा निगाच आहे.

प्लेयर आता पट्टीवर आहे. पहिल्या सकाळी आईने अख्खी बाजू ऐकली आणि एवढेच म्हणाली, "आले माझे कान."

परवा अण्णा बाटली घेऊन आले. आमच्या दाराची बिजागरी कुरकुरते, ते त्यांना पाहवेना. मी काही बोलायच्या आत आतून आईचा आवाज आला, "राहू द्या अण्णा. मला ऐकू येतंय ना, कुरकुरू द्या."