करून पाहा : गव्हाशिवाय केक, तोही दोन मिनिटांत!

वाढदिवसाचा केक कापला की सगळे तुटून पडतात. पण एखादा मात्र बाजूला उभा राहतो, "मला नको" म्हणतो. लगेच कुणीतरी चिडवतं, "नखरे बघा!" नखरे नसतात हो ते. त्याला गव्हाचं वावडं असेल, नाहीतर दुधाचं.

आमच्या जांब समर्थकडे भाकरी ज्वारीची. तिच्यात ग्लुटेन नाही, त्यामुळे अशा मुलाचं जेवण अडत नाही. अडतं ते केक, बिस्किटं आणि शेवयांपाशी.

ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहा, शेवटी हातात रबरासारखं उरतं ना, ते हेच! सिलिॲक नावाच्या दुखण्यात ते आतड्याला इजा करतं. हे उमगलं कसं? नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. काही मुलं खात-पीत असूनही खंगत, पोट तेवढं फुगलेलं. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिथे उपासमार झाली. पाव मिळेना. लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. आजूबाजूची माणसं वाळत चालली, अन् ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली! पाव परत आला, तसं दुखणंही परत आलं. १९५० साली डिके यांनी त्यावर प्रबंध लिहिला.

दुधाचं निराळं. त्यातली साखर पचवणारा रस मोठेपणी पुष्कळांच्या आतड्यात कमी होतो, मग पोट गुडगुडतं.

आता केक. चार मोठे चमचे डाळं (चिवड्यात घालतो ते) घरच्या मिक्सरमध्ये बारीक करून चाळून घ्या. एक अंडं, अर्धं पिकलेलं केळं कुस्करून, दोन लहान चमचे किसलेला गूळ, एक चमचा तेल, चिमूटभर खायचा सोडा आणि लिंबाचे चार थेंब घालून फेटा. केकमध्ये बुडबुडे धरून ठेवायचं ग्लुटेनचं काम इथे अंडं करतं. तेल लावलेल्या चिनी मातीच्या मगात ओता. मग अर्धाच भरा, नाहीतर सगळं बाहेर! मोठ्या माणसाला सोबत घेऊन मायक्रोवेव्हमध्ये दीड ते दोन मिनिटं ठेवा. स्टीलचं भांडं किंवा सोनेरी काठाचा मग आत अजिबात नको, ठिणग्या उडतात. काडी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झालं. वरून तांबूस दिसत नाही म्हणून कच्चा समजू नका. या लहरी मिश्रणातलं पाणी तापवतात, भट्टीसारखा वरचा पापुद्रा भाजत नाहीत.

मायक्रोवेव्ह नाही? की लाईट गेली? कुकरची शिट्टी काढून ढोकळ्यासारखा वीस मिनिटं वाफवा. आम्ही तसाच करतो.

एका मगात साधारण बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात, निम्मी डाळ्यातून, निम्मी अंड्यातून. अंडं खात नसाल तर केळं पूर्ण घ्या, दोन चमचे पाणी घाला. केक दाट होतो, पण चवीला झकास. शेंगदाणे मी मुद्दाम घातले नाहीत. काहींना त्यांची ॲलर्जी असते, ओठ सुजतात, श्वास अडकतो. म्हणून पाहुण्या मुलाला काहीही देण्यापूर्वी त्याच्या आईला विचारा. अंडं आणि डाळंसुद्धा विचारूनच.

पालकांसाठी दोन शब्द. मुलाला गहू बाधतोय असं वाटलं तर तो आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. गहू सोडल्यावर केलेली रक्ताची तपासणी फसू शकते. निदान पक्कं झाल्यावर मात्र गिरणीकडे नीट लक्ष द्या. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते आणि थोडी कणीक तिच्यात येतेच. अशा मुलाचं दळण घरीच काढलेलं बरं. आणि डबीतल्या हिंगाचं लेबल वाचा, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं.