हक्काला तारण नसते

‘आधी कर्तव्ये पार पाडा, मग हक्कांची भाषा करा,’ हे वाक्य आपल्याकडे वडीलधारेही म्हणतात आणि पुढारीही. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. कर्ज द्यायचे तर पत पाहावी लागते, तारण लागते, जामीनदार लागतो. तिथे ते योग्यच. पण माणूस म्हणून जगण्याचा हक्कही अशी पत पाहूनच द्यायचा काय?

या मताला पाठबळ मोठे आहे. १९४७ साली युनेस्कोने मानवी हक्कांविषयी विचारवंतांची मते मागवली. तेव्हा ज्युलियन हक्स्ली यांना गांधीजींनी कळवले की, हक्क उपजतात ते नीट बजावलेल्या कर्तव्यातून. स्वतःला लावून घेतले तर हे उदात्त व्रत आहे. दुसऱ्यावर लादले की त्याची अट होते. मग ती पुरी झाली की नाही, हे ठरवतो सत्ता हाती असलेला माणूस.

महाडचे चवदार तळे आठवावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला होता. नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तिथले पाणी प्यायले, तेव्हा त्यांना मारहाण झाली. मागाहून तळ्याची ‘शुद्धी’ही झाली. यांनी कोणते कर्तव्य चुकवले होते?

पुढे कोर्टकचेरी झाली. १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. पण का? तर बंदीची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही म्हणून! ते सिद्ध झाले असते, तर तहान बेकायदा ठरली असती काय?

या प्रश्नाचे उत्तर १० डिसेंबर १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याने पहिल्याच कलमात दिले: सर्व माणसे जन्मतःच स्वतंत्र आणि समान आहेत. मूळ मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारा शब्द बदलून ‘सर्व मानव’ करण्याचा आग्रह आपल्या हंसाबेन मेहतांचा होता. आपल्या राज्यघटनेनेही पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, घाट यांचा नाव घेऊन उल्लेख केला.

‘गुन्हेगाराला कसले आले मानवी हक्क?’ असे आज सर्रास विचारले जाते. गुन्ह्याची शिक्षा कायद्याने जरूर व्हावी. पण कोठडीतल्या माणसाला मारहाण न करणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे. ते त्या माणसाच्या चारित्र्यावर अवलंबून नाही. कर्तव्याचा आग्रह धरायचाच, तर तो आधी तळ्यावर पहारा देणाऱ्याकडे धरावा.