कष्ट बायांचे, कीर्ती पुढाऱ्यांची

वाचकहो, बडनेऱ्याहून नागपूरची गाडी धरली म्हणजे वाटेत वर्धा लागते. ते डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे जन्मगाव. गदर चळवळीतला हा फरारी मनुष्य पुढे मेक्सिकोत मक्याचा नामांकित संशोधक झाला. त्यांच्यावर आमच्याकडे भाषणे झडतात, आणि ती व्हावीतच. पण 1936 साली त्यांच्याशी संसार मांडून पुढे नागपूरपर्यंत आलेल्या जान सिंदिक या बेल्जियन बाईचे नाव मी एकाही वक्त्याच्या तोंडून ऐकले नाही. त्यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे टीना मोदोत्ती या इटालियन बाईने काढली; तिचेही नाव नाही. हा कोणता न्याय?

बरे, ही गोष्ट एका वर्ध्याचीच नव्हे. 1920 साली ताश्कंद येथे हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. स्थापणारे सात, त्यांत दोन बाया, एव्हलिन ट्रेंट आणि रोझा फिटिंगॉफ. एव्हलिन ही मानवेंद्रनाथ रॉय यांची पत्नी. मेक्सिकोपासून ती त्यांच्या कार्यात राबली, ‘शांतीदेवी’ या नावाने लेख लिहिले. आणि रॉय यांच्या आठवणींच्या जाडजूड ग्रंथात तिचा नामोल्लेखसुद्धा नाही!

विद्वान मंडळी म्हणतील, ‘या बाया नवऱ्याच्या मायेपोटी राबल्या, त्यात राजकारण कसले?’ तर मग ॲग्नेस स्मेडलीचे काय? हिंदी क्रांतिकारकांना साह्य केले म्हणून 1918 साली न्यूयॉर्कात तिला अटक होऊन तुरुंगवास घडला. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय तिला भेटले ते त्यानंतर, बर्लिनमध्ये. नवरा नव्हता, माया नव्हती. परक्या देशाच्या स्वातंत्र्यापायी ती कोठडीत गेली. याला राजकारण म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

परमुलखात फरारी माणसाला भाषा लागते, आसरा लागतो, विश्वासाचे माणूस लागते. हे ज्यांनी दिले त्यांचे देणे आपल्यावर आहे. घेतलेले कर्ज वहीत न मांडणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. मग अशा इतिहासकाराला काय म्हणावे?

जोतीरावांशेजारी सावित्रीबाईंचे नाव आज पोरे घेतात. तेही आपोआप आले नाही. बहुजनांनी ते लावून धरले तेव्हा आले. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, येत्या पंधरा ऑगस्टला फळ्यावर खानखोजे लिहाल तेथे जान सिंदिकही लिहा. खडू तर आपल्याच हातात आहे!

— एक शिक्षक, बडनेरा