गाडी कोणाची, जबाबदारी कोणाची?



८ सप्टेंबर २०२१ ही तारीख आपल्यापैकी किती जणांना आठवते? दुबई मेट्रोने रोज कामावर जाणाऱ्यांनाही बहुधा आठवणार नाही. त्या दिवशी मेट्रो चालवणारी कंपनी बदलली. २००९ पासून हे काम ब्रिटनच्या सर्को कंपनीकडे होते, ते फ्रान्सच्या केओलिस आणि जपानच्या मित्सुबिशी यांच्या संयुक्त गटाकडे गेले. त्या आठवड्यात मीही मेट्रोने प्रवास करत होतो. गाड्या त्याच, नोल कार्ड तेच, स्त्रिया व मुलांसाठीचा डबा त्याच जागी. बदल झाल्याचे मला वर्तमानपत्रातून कळले.

हे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या मंचाच्या गेल्या काही बैठकांत कोकण रेल्वेच्या विलीनीकरणाचा विषय वारंवार निघाला, आणि दर वेळी चर्चा दोनच मुद्द्यांवर अडकली. एक, "कोकण रेल्वे" हे नाव राहणार का? दोन, मराठी माणसाची रेल्वे दिल्लीच्या घशात चालली का? आखातात काम करणाऱ्या मराठी माणसांत रत्नागिरी, खेड, चिपळूण, सिंधुदुर्गाकडचे लोक खूप आहेत, त्यामुळे भावना तीव्र असणे स्वाभाविक आहे. पण मला वाटते, या दोन्ही प्रश्नांहून महत्त्वाचा तिसरा प्रश्न बाजूला पडतो आहे: बदलानंतर कोकणच्या वाट्याला किती गाड्या आणि किती डबे येणार, आणि ते कुठे लिहून ठेवले जाणार आहे?

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, मधु दंडवते अर्थमंत्री होते आणि महामंडळाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे होती. स्थापनेच्या वेळचे भागभांडवल असे: रेल्वे मंत्रालय ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा कर्जरोख्यांतून उभा केला. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर असा ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्णपणे खुला झाला. कर्ज फिटल्यावर मार्ग भारतीय रेल्वेकडे सोपवायचा, अशीच मूळ कल्पना होती. त्यामुळे विलीनीकरण म्हणजे अचानक झालेला घात आहे, असे म्हणणे बरोबर नाही.

विलीनीकरणाच्या बाजूचा युक्तिवादही हलका नाही. महामंडळ ही स्वतंत्र कंपनी असल्याने दुहेरीकरणासारख्या कामांना तिला अर्थसंकल्पातून इतर रेल्वे विभागांसारखा पैसा मिळत नाही, कर्ज काढावे लागते. परिणाम डोळ्यांसमोर आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी बहुतेक मार्ग एकेरीच राहिला. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, पण एकेरी रुळावर वीज आली म्हणून जादा गाडीला वाट मिळत नाही. समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावेच लागते. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांच्या पाठोपाठ मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. अटी दोन होत्या: "कोकण रेल्वे" हे नाव कायम ठेवावे, आणि राज्याने गुंतवलेले ३९६.५४ कोटी रुपये परत मिळावेत.

या दोन अटी पुन्हा वाचा. एक अट नावाची आहे, दुसरी राज्याच्या तिजोरीची. प्रवाशाबद्दल त्यात एकही ओळ नाही.

आता पुन्हा दुबईकडे येतो. इथला बदल प्रवाशाला जाणवला नाही, त्यामागे जादू नव्हती, करार होता. रूळ, स्थानके, गाड्या या सगळ्यांची मालकी रस्ते व वाहतूक प्राधिकरणाकडे, म्हणजे आरटीएकडे आहे. चालवणाऱ्या कंपनीकडे ठरावीक वर्षांचे फक्त चालवण्याचे व देखभालीचे काम असते. कंपनी गेली तरी गाडी कुठे जात नाही. गाड्या किती हव्यात हेही प्राधिकरण ठरवते. मेट्रोच्या मूळ ७९ गाड्या जपानच्या किंकी शार्यो कंपनीच्या होत्या. एक्स्पोकडे जाणारा फाटा बांधताना ५० नव्या गाड्या आल्स्तोमकडून घेतल्या, त्यातल्या फक्त १५ नव्या फाट्यासाठी होत्या आणि ३५ जुन्या मार्गांवरची गर्दी कमी करण्यासाठी. म्हणजे नवा मार्ग उघडताना जुन्या मार्गाचे डबे पळवायचे नाहीत, हे ऑर्डर देतानाच ठरले होते.

इथले सगळे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. एप्रिल २०२४ च्या पुरानंतर काही स्थानके महिनाभराहून जास्त बंद होती. शिवाय इथे कामगार संघटना नाही, संप नाही, भाड्यावर जाहीर सुनावणी नाही. कंपनी बदलताना स्थानकावरच्या माणसाला त्याचे मत कुणी विचारत नाही. आपला मंच पुरोगामी म्हणवतो, तेव्हा या शांततेची ही बाजूही नोंदवली पाहिजे. पण करार कसा लिहावा, एवढे तरी इथून शिकता येईल.

करार तोकडा असला की काय होते, याचे उदाहरण त्याच सर्को कंपनीचे आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात रेल्वेचे खाजगीकरण झाले. रूळ एका कंपनीकडे गेले, डबे तीन भाडेकंपन्यांकडे, आणि गाड्या चालवण्याचे ठेके प्रदेशवार वेगवेगळ्या कंपन्यांकडे. उत्तर इंग्लंडचा ठेका २००४ मध्ये सर्को आणि तिच्या डच भागीदाराला मिळाला. तो देताना सरकारने गृहीत धरले होते की प्रवासी वाढणार नाहीत, म्हणून नव्या गाड्यांची तरतूदच केली नाही. प्रवासी वाढले. तरीही लीड्स-मँचेस्टरकडचे लोक १९८० च्या दशकात बसच्या सांगाड्यावरून तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या "पेसर" गाड्यांतून आणखी कित्येक वर्षे हादरे खात राहिले. २०१६ मध्ये ठेका दुसऱ्या कंपनीकडे गेला, १ मार्च २०२० पासून सरकारने तो स्वतःकडे घेतला, आणि पेसर शेवटी त्याच वर्षाच्या अखेरीस तिथून निघाल्या. दुबईत नावाजलेली कंपनी उत्तर इंग्लंडमध्ये टीकेची धनी झाली. कंपनी तीच होती, कागद वेगळा होता.

आणि सरकारी मालकी आली की सगळे सुटते, असेही नाही. मे २०२५ मध्ये ब्रिटनने नव्या कायद्याखाली साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारी ताब्यात घेतली. त्या कंपनीने कित्येक वर्षांपूर्वी मागवलेल्या ९० नव्या गाड्यांपैकी तोवर अगदी मोजक्याच सेवेत आल्या होत्या. पाटी बदलल्याने दुसऱ्या दिवशी डबे वाढले नाहीत. मी स्वतः सार्वजनिक मालकीच्या बाजूचा आहे, म्हणूनच हे मुद्दाम सांगतो. मालकी ही पहिली पायरी झाली, हिशोब त्यानंतर सुरू होतो.

कोकणात हा हिशोब कसा चुकतो, याचा अनुभव महामंडळ अस्तित्वात असतानाच आला आहे. कोकण रेल्वेवर धावणारे बहुतेक डबे तिचे नाहीत, ते मध्य, दक्षिण वगैरे रेल्वे विभागांचे आहेत. डब्यांचा एक संच, ज्याला रेल्वेवाले "रेक" म्हणतात, एकाच गाडीला बांधलेला नसतो. सकाळी एका क्रमांकाने आलेला रेक धुऊन, तपासून संध्याकाळी दुसऱ्या क्रमांकाने निघतो. त्यामुळे एका टोकाला फलाट किंवा धुण्याची मार्गिका दुसऱ्या गाडीला दिली की दूरच्या गावची गाडी आखूड होते किंवा अलीकडेच थांबते. यासाठी मालक बदलावा लागत नाही, वेळापत्रकातला एक फेरफार पुरतो.

रत्नागिरी-दादर पॅसेंजरचे हेच झाले. कोविडनंतर ती दादरपर्यंत न जाता दिव्यापर्यंतच धावू लागली. दिव्याला उतरून, सामान आणि म्हातारी माणसे सांभाळत भरलेल्या लोकलमध्ये चढणे म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. ही स्वस्त गाडी होती, लहान स्थानकांवर थांबणारी. तिच्या प्रवाशाजवळ ना वंदे भारतचे भाडे, ना मंत्र्याचा फोन नंबर. पुढे दादरहून गोरखपूरकडे गाड्या सुटू लागल्या, तेव्हा या प्रश्नाला लगेच "आपले विरुद्ध परप्रांतीय" असा रंग दिला गेला. ते मला मान्य नाही. गोरखपूरचा मजूर आणि लांज्याचा शेतकरी दोघेही जनरल डब्यातलेच. त्या दोघांना एका फलाटासाठी भांडायला लावणारी टंचाई कुणी निर्माण केली, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक हिशोब आहे. कोकण रेल्वेवर प्रवासी भाडे प्रत्यक्ष अंतरावर आकारले जात नाही. मार्गाचा खर्च भरून काढण्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरले जाते, म्हणजे १०० किलोमीटरच्या प्रवासाला १४० किलोमीटरचे भाडे. दोन दशकांहून अधिक काळ कोकणच्या प्रवाशाने हा भार उचलला. राज्याने आपले ३९६ कोटी परत मागितले, ते योग्यच. पण प्रवाशाने भरलेल्या जादा पैशाबद्दल कुणी काही मागितले का?

म्हणून विलीनीकरणाच्या करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात, अशी मागणी मंचाने करावी, असे मी सुचवतो.

१. कोकणातल्या आजच्या गाड्या, त्यांचे डबे, थांबे आणि दोन्ही टोकांची स्थानके यांची यादी कराराला जोडावी. त्यात कपात करायची तर आधी जाहीर सूचना आणि कारणे द्यावीत. जनरल डब्यांची संख्या वेगळी नोंदवावी.

२. वाढीव अंतराने भाडे आकारणे कधी बंद होणार, त्याची तारीख द्यावी.

३. हा मार्ग अखंड एका विभागाकडे राहणार, की मध्य, दक्षिण-पश्चिम, दक्षिण अशा तुकड्यांत वाटला जाणार, हे आधी सांगावे. आज तक्रार घेऊन बेलापूर, रत्नागिरी किंवा कारवारला जाता येते. उद्या कुठे जायचे?

४. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या कुटुंबांना महामंडळाच्या नोकरभरतीत प्राधान्य आहे. भरती रेल्वे मंडळाकडे गेली तर ते टिकणार का, हे लेखी हवे.

५. पावसाळ्यातील सुरक्षेचे नियम आणि त्यासाठीचा खर्च कमी होणार नाही याची हमी हवी. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड रुळावर येऊन झालेल्या अपघातात सुमारे ५० माणसे गेली. त्यानंतर उतार बांधून घेणे, गस्त, पावसाळ्यात कमी वेग ही शिस्त बसली. मोठ्या विभागाच्या ताळेबंदात ती "जादा खर्च" ठरू नये.

६. राज्याला परत मिळणारी रक्कम सर्वसाधारण खर्चात न मिसळता कोकणातल्या स्थानकांवर आणि तिथे पोचवणाऱ्या एसटीवर खर्च व्हावी.

यात नावाची अट मी मुद्दाम घातलेली नाही. नाव राहिले तर आनंदच आहे. पण डब्यावर "कोकण" लिहिले आणि डबा कोकणात आलाच नाही, तर त्या पाटीचे काय करायचे?

आपण इथे बसून काय करू शकतो? एक ठोस गोष्ट आहे. भारतीय नागरिकत्व असलेल्या प्रत्येकाला माहितीच्या अधिकाराचा अर्ज केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून परदेशातूनही करता येतो. विलीनीकरणाच्या मसुद्यात वरच्या सहा मुद्द्यांपैकी कोणते आहेत, एवढेच विचारायचे. संमती आणि प्रत्यक्ष अंमल यांच्यामध्ये कागदपत्रांचा लांब टप्पा असतो. सह्या होण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला जे वजन असते, ते नंतरच्या आंदोलनाला क्वचितच येते.

मी व्यवसायाने संशोधक आहे, रेल्वेचा तज्ज्ञ नाही. पण प्रयोगशाळेत एक साधी सवय लागते: जे मोजायचे ते आधी लिहून ठेवायचे, नाहीतर शेवटी मिळेल तो आकडा बरोबर वाटू लागतो. विलीनीकरण यशस्वी झाले की नाही हे पाच वर्षांनी ठरवायचे असेल, तर आजच्या गाड्यांची यादी आजच करायला हवी. ज्यांना या कामात वेळ देता येईल त्यांनी या पत्राला उत्तर पाठवावे. आपापल्या गावाच्या स्थानकावर २०१९ मध्ये कोणत्या गाड्या थांबत होत्या आणि आता कोणत्या थांबतात, एवढे जरी कळवलेत तरी सुरुवात होईल. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनीही जरूर लिहावे, पुढच्या अंकात ते छापू.

आपला स्नेहांकित,
संपादक मंडळाच्या वतीने