इलेक्ट्रॉन सुटतो कोणाच्या बळावर?

लेसरने रुबिडियमचा वायू 100 मायक्रोकेल्विनपर्यंत थंड करून त्यातले अणू पन्नासाव्या पातळीपर्यंत उत्तेजित केले, की काही मायक्रोसेकंदांत तिथे आयन दिसू लागतात. इतक्या थंड अणूंकडे स्वतःची ऊर्जा कुठली, असे म्हणून याचे श्रेय उपकरणाच्या उबदार भिंतींतून येणाऱ्या प्रारणाला दिले जाते. आकडे वरवर या मताच्या बाजूचे आहेत. असा इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे 5.4 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि अणूंच्या हालचालीची ऊर्जा त्याच्या सहा लाखांव्या हिश्श्याएवढी असते. पण हा हिशेब एकट्या अणूचा आहे आणि चूक तिथेच होते. अशा अतिउत्तेजित, म्हणजेच रिडबर्ग, अणूंमधले व्हॅन डर वाल्स बल पातळीच्या क्रमांकाच्या अकराव्या घाताने वाढते, त्यामुळे मायक्रोमीटरभर दूर असलेले दोन अणूही एकमेकांना ओढू शकतात. ते भिडले की एकाचा इलेक्ट्रॉन पस्तिसाव्या किंवा त्याखालच्या पातळीवर घसरतो आणि त्यातून निघालेली ऊर्जा दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन मोकळा करते. ही ऊर्जा लेसरने आधीच आत भरून ठेवलेली असते. थंडीने ती कमी होत नाही. उलट अणू संथ असतात म्हणूनच एवढे क्षीण बल त्यांची वाट ठरवू शकते.

याला प्रयोगाचा भक्कम आधार आहे. फ्रायबुर्गच्या संशोधकांनी 2007 मध्ये लेसरची वारंवारता किंचित सरकवून ठरावीक अंतरावरच्या, परस्परांना ओढणाऱ्या जोड्या निवडल्या, आणि आयनीभवनाचा वेग त्या निवडीनुसार बदलला. भिंतींच्या प्रारणाला जोडीतल्या अंतराशी काय देणेघेणे? यावर एक खरोखर वजनदार आक्षेप येतो, आणि तो त्याच प्रयोगातून निघतो: अणू परस्परांना केवळ दूर लोटतात अशा अवस्थांतही आयनीभवन दिसले. मग आकर्षणाचे काय उरले? त्याच गटाच्या पुढच्या गणिताने याचे उत्तर दिले. प्रारण काही अणूंना शेजारच्या पातळ्यांवर नेते, तिथे प्रतिकर्षणाच्या जागी आकर्षण येऊ शकते, आणि पुढचे काम पुन्हा जोडीच करते. हे गणित निरीक्षणांशी जुळले. प्रारण एखाददुसरा इलेक्ट्रॉन स्वतःही सोडवते, हे मान्यच आहे. दाट ढगात आयनांचा धनप्रभार पुरेसा साचला की सुटे इलेक्ट्रॉन आतच अडकतात, इतर अणूंवर आदळतात आणि सगळा वायू प्लाझ्मा होतो, हेही 2000 साली प्रयोगात दिसले आहे. पण भिंती कितीही थंड केल्या, तरी एकमेकांना ओढणाऱ्या जोड्यांचे आयनीभवन त्याने थांबणार नाही.