बँकेची क्लार्क भरती: आपली पोरं नेमकी कुठे अडतात?

विशेष विश्लेषण

बँक भरतीची जाहिरात आली की तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रांवर गर्दी होते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेली पोरं-पोरी कागदांची पिशवी घेऊन रांगेत उभी असतात. घरच्यांचं म्हणणं एकच, "एकदाचा बँकेत चिकट." त्याला कारणही तसंच आहे. सरकारी बँकेत क्लार्कचा सुरुवातीचा मूळ पगार २४,०५० रुपये आहे. महागाई भत्ता आणि घरभाडं त्याच्या वर. शेतीच्या भरवशावर बसलेल्या घराला महिन्याच्या महिन्याला असा आधार मिळणं मोठी गोष्ट असते.

मग निकाल लागतो, गावातलं कुणी निवडलं जात नाही आणि पारावर चर्चा सुरू होते, "तिथं सगळं सेटिंग असतं." या एका वाक्यानं आपलं दुहेरी नुकसान होतं. पोरगं अभ्यास सोडतं आणि बाप एजंट शोधायला लागतो.

पैसे देऊन काय मिळतं?

सरकारी बँकांची क्लार्क भरती आयबीपीएस ही संस्था घेते. स्टेट बँक आपली भरती वेगळी करते. दोन्हीकडे पूर्व आणि मुख्य अशा दोन परीक्षा कॉम्प्युटरवर होतात. क्लार्कसाठी मुलाखत नाही. अंतिम यादी मुख्य परीक्षेच्या मार्कांवर लागते. म्हणजे "मुलाखतीत बघून घेतो" म्हणणारा एजंट मुळातच खोटं बोलतोय, कारण मुलाखतच नाही. डमी बसवतो म्हणणाऱ्याचंही तेच. अंगठ्याचा ठसा आणि फोटो परीक्षेला घेतात आणि नोकरीवर हजर होताना पुन्हा जुळवून बघतात. त्यात सापडलं तर नोकरी जाते आणि वर पोलीस केस.

एजंटचा धंदा साधा आहे. तो दहा जणांकडून पैसे घेतो. त्यातला एखादा स्वतःच्या अभ्यासावर लागतो, त्याचं श्रेय एजंट घेतो. बाकीच्यांना "पुढच्या वेळी करू" म्हणतो. जमीन गहाण टाकून दिलेले पैसे परत मागायला कुणी पोलिसांत जात नाही, कारण आपणही चुकलोय हे प्रत्येकाला माहीत असतं.

खरा मार ३४ सेकंदांचा

क्लार्कच्या पूर्व परीक्षेत एका तासात १०० प्रश्न असतात: इंग्रजीचे ३०, गणिताचे ३५, बुद्धिमत्तेचे ३५. प्रत्येक भागाला २० मिनिटं. म्हणजे गणिताच्या एका प्रश्नाला ३४ सेकंद. चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. आणि आयबीपीएसच्या परीक्षेत प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे गणितात पैकीच्या पैकी पडले तरी इंग्रजी राहिलं की सगळं गेलं.

आपल्या पोरांना गणित येतं, पण वहीवर सावकाश सोडवायची सवय असते. शहरातलं पोरगं परीक्षेआधी घड्याळ लावून पन्नास-साठ सराव पेपर देतं. आपल्याकडं कित्येकजण पहिला कॉम्प्युटरवरचा पेपर थेट परीक्षा केंद्रावरच बघतात. फरक डोक्यात नाही, सरावात आहे.

ग्रामीण बँकेची वाट

इंग्रजीची धास्ती असलेल्यांनी ग्रामीण बँकेच्या ऑफिस असिस्टंट भरतीकडं नीट बघावं. तिच्या पूर्व परीक्षेत इंग्रजी नाही. बुद्धिमत्ता आणि गणिताचे मिळून ८० प्रश्न, ४५ मिनिटं. मुख्य परीक्षेत इंग्रजी किंवा हिंदी यातलं एक निवडता येतं. बाकी पेपर मराठीतून देता येतो. वयाची अट साधारण १८ ते २८, मागासवर्गीयांना सवलत.

१ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. आता राज्यात एकच ग्रामीण बँक आहे, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. त्यामुळं नेमणूक गडचिरोलीला होऊ शकते, सिंधुदुर्गलाही. "घराजवळच पाहिजे" म्हणणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं.

मराठी हीसुद्धा इथं आपली ताकद आहे. क्लार्कसाठी अर्ज एकाच राज्यासाठी करता येतो आणि त्या राज्याची भाषा वाचता, लिहिता, बोलता यावी लागते.

कागदात घसरलेली नोकरी

सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते इथं. पेपर पास, यादीत नाव, आणि कागद तपासताना गाडी अडते.

पहिली गोष्ट, ही भरती केंद्राच्या नियमानं होते. ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि नॉन-क्रिमीलेअरसह लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलात तर अडचण येते. एनटी, व्हीजे हे राज्याचे गट आहेत. केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात आहे का, ते तपासा. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षणही राज्यापुरतंच आहे, बँकांच्या केंद्रीय भरतीत चालत नाही. तिथं पात्र असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा, तोही चालू वर्षाचा.

दुसरी, दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि अर्ज यावरचं नाव एकच हवं. लग्न झालेल्या मुलींचं नाव इथं हमखास अडतं.

तिसरी, अर्जात मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. सेवा केंद्रवाल्याचा नंबर टाकला की हॉल तिकिटाचा मेसेज त्यालाच जातो.

चौथी गोष्ट नवी आहे. जाहिरातीत आता कर्जाची परतफेड नीट असावी अशी अट असते. मोबाईल ॲपवरून घेतलेलं पाच-दहा हजारांचं कर्ज थकवलं असेल तर हजर होताना ते आडवं येऊ शकतं. थकबाकी भरून कर्ज देणाऱ्याकडून ना-हरकत पत्र घेऊन ठेवा.

जिल्हा बँकेत आता काय?

जिल्हा मध्यवर्ती बँकांच्या भरतीवरून राज्यात अनेक ठिकाणी वाद झाले, प्रकरणं कोर्टात गेली. संचालकांचा माणूस म्हणजे नोकरी, हा समज तिथूनच पक्का झाला. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस राज्य सरकारनं या बँकांची भरती ऑनलाइन परीक्षेतून, नेमून दिलेल्या संस्थांकडूनच करायची असं ठरवलं. ७० टक्के जागा जिल्ह्यातल्या रहिवाशांना, ३० टक्के बाहेरच्यांना.

निर्णय चांगला आहे. पण यात एक मेख आहे. वशिला गेला की उरते फक्त परीक्षा, आणि परीक्षा कॉम्प्युटरवर. जिल्ह्यातल्या ७० टक्क्यांत तालुक्याच्या गावची, क्लास लावलेली पोरंही आहेत. वाडीवरच्या पोराची खरी स्पर्धा त्यांच्याशीच आहे.

म्हणून मागणी करायची तर नेत्यांच्या शिफारशीची नको. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत चार चालू कॉम्प्युटर, रात्री दहापर्यंत लाईट आणि आठवड्याला एक घड्याळ लावून सराव पेपर, एवढं मागा. एका एजंटला जेवढे पैसे जातात, त्याच्या कितीतरी कमी खर्चात अख्ख्या गावाची पोरं तयार होतील.

येत्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार?